चिमूटभर कच्चा खिमा

८ जानेवारी

आज बत्तीस बायकांचं रक्त काढलं. घरी येऊन चपला काढल्या तर पावलांवर पट्ट्यांचे वळ. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हेच करतेय. आता शीर बोटालाच सापडते, डोळ्यांनी शोधावी लागत नाही. पाय मात्र रोज नव्यानं दुखतात.

डॉक्टरीणबाईंनी या महिन्यापासून नवा अभ्यास सुरू केलाय. गरोदर बायकांमध्ये टॉक्सोप्लाझ्मोसिसची लागण किती आणि ती कशाकशामुळे होते, हे त्यांना शोधायचंय. पूर्ण नाव घेता घेता धाप लागते, म्हणून आम्ही नुसतं टॉक्सो म्हणतो. डोळ्यांना न दिसणारा एक जीव आहे, मांजराच्या विष्ठेतून, मातीतून, कच्च्या मांसातून येणारा. एरवी अंगात शिरला तर माणसाला पत्ताही लागत नाही, फार तर चार दिवस कणकण. पण बाईला दिवस असताना तो पहिल्यांदाच शिरला तर बाळापर्यंत पोचू शकतो. मग बाळाचे डोळे, बाळाचा मेंदू. ज्यांना दिवस राहायच्या आधीच कधीतरी होऊन गेलाय त्या सुटल्या. ज्यांना कधीच झाला नाही त्यांना जपायचं.

माझं काम दोन्ही. रक्तही काढायचं आणि वीस प्रश्नांचा फॉर्मही भरायचा. मांजर आहे का, बागेत माती कालवता का, भाजी न धुता खाता का, कच्चं मांस खाता का. ही वही डॉक्टरीणबाईंनीच दिली. म्हणाल्या, "फॉर्ममध्ये न बसणारं काही दिसलं तर यात लिहून ठेवा." फॉर्ममध्ये न बसणारी इथे मीच आहे, तेव्हा माझंच लिहिते.

आमच्या सूनबाईंना तिसरा लागलाय. तिचंही रक्त आजच काढलं. फॉर्म मात्र दुपारी डबा खाता खाता मीच भरून टाकला. घर माझं, स्वयंपाकघर माझं, तिला काय विचारायचं? मांजर: हो. बाकी सगळ्यापुढे: नाही.

१० जानेवारी

सूनबाईंचा रिपोर्ट आला. टॉक्सो तिला कधीच झालेला नाही. म्हणजे जपायच्या यादीत.

घरात मांजर. लग्न झाल्यावर दोन वर्षांपूर्वी ती माहेराहून कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक बोका घेऊन आली. बोका सात वर्षांचा, अंगानं भरलेला, चेहरा निवृत्त मुख्याध्यापकाचा. सगळे त्याला हेडमास्तरच म्हणतात. घराबाहेर पाऊल टाकत नाही, उकडलेलं खातो आणि सूनबाईंच्या पायाशी बसतो.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घरातच राहणारं, शिजवलेलं खाणारं म्हातारं मांजर फारसं धोक्याचं नसतं. त्याचं शी-शूचं घमेलं तेवढं रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करा. काढून बिढून टाकू नका." मी मान डोलावली. 'फारसं' हा शब्द माझ्याबरोबर घरी आला.

१४ जानेवारी

सकाळी एक छोटं नाटक झालं.

आमचं दुकान घराच्या खालीच. हे आणि चिरंजीव मटण कापतात, आणि वर्षानुवर्षं आमच्या दुकानाची ओळख म्हणजे तयार खिमा. कांदा, मिरी, मीठ सगळं आत मळलेलं. गिऱ्हाइकानं नेऊन फक्त तळायचं. एकदा परातीतून पिशवीत गेला की मीठ कमी पडलं म्हणून कुणाच्या घरी धावता येत नाही, म्हणून आधीच चाखायचा. दोन बोटांत चिमूटभर घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, चव कळली की थुंकायचा. ह्यांची जीभ तंबाखूनं कधीच मेली. माझ्या सासूबाई चाखायच्या. मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या तोंडात पहिली चिमूट ठेवली आणि "कळलं का?" म्हणून विचारलं. मला कळलं, आणि तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलला पळण्याआधी रोज हे काम माझ्या गळ्यात. सूनबाई आल्या आणि माझी सुटका झाली. तिची जीभ माझ्याहून तयार. मिरीचा दाणा जास्त झाला तरी सांगते.

तर आज तिनं चिमूट तोंडाशी नेली आणि मोरीकडे धावली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आई, काही दिवस हे तुम्ही कराल का? मला फार मळमळतं."

मला साडेसातची बस. मी म्हटलं, "अगं, मीही तिसऱ्या महिन्यात हेच करत होते, मला काय झालं? चार दिवसांत सवय होईल." तिनं तोंड धुतलं आणि पुन्हा परातीपाशी बसली. गुणी आहे. उलट बोलत नाही.

संध्याकाळी हेडमास्तर तिच्या मांडीवर होता. मला बघवेना.

१७ जानेवारी

मांजर घालवलं.

हे म्हणाले, तुझ्या हॉस्पिटलचं तू बघ. चिरंजीवांना म्हटलं, बायको पाहिजे की बोका? त्याचा चेहरा पडला. तो स्वभावानं गरीब. उजव्या डोळ्यानं त्याला लहानपणापासून मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. लहान असताना जोराचा ताप आला होता, त्यात डोळा गेला असं सासूबाई म्हणायच्या. मान तिरपी करून बघायची सवय आहे त्याला. तशीच मान तिरपी करून त्यानं सूनबाईंकडे पाहिलं आणि मग बोक्याला टोपलीत घातलं. स्कूटरवरून नदीपलीकडच्या गोदामांपाशी सोडून आला. तिथे पुष्कळ मांजरं आहेत म्हणे.

सूनबाई रडली नाही. चिरंजीवांनी घमेलं घासूनपुसून गॅलरीत उपडं घातलं, ते बघत राहिली. मी म्हटलं, "बाळासाठीच ना गं." ती "हो आई" म्हणाली.

मला वाटलं होतं जिवात जीव येईल. तसं काही झालं नाही. पण एक काम उरकलं.

२ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. बस, रांग, पट्टा, सुई, स्पिरिटचा बोळा, पुढची.

आत्तापर्यंत दोनशेच्या वर फॉर्म झाले. उत्तरं सगळी एका छापाची. कच्चं मांस खाता का म्हटलं की बायका अशा बघतात जणू मी त्यांच्या खानदानाला नावं ठेवली. "शी! आम्ही काय जंगलात राहतो?" मी 'नाही'वर खूण करते. भाजी न धुता खाता का म्हटलं तर जी ती धुऊनच खाते. मग लागण होते कुठून, डॉक्टरीणबाईच जाणोत. मांजराचा प्रश्न आला की मात्र सगळ्या खुलतात. शेजारणीचं मांजर, जिन्यातलं मांजर, जावेनं लाडावून ठेवलेलं मांजर. मी घरचा दाखला देते: आम्ही तर काढून टाकलं बाई. त्या मान हलवतात. गेल्या आठवड्यात दोघींनी येऊन सांगितलं, तुमचं ऐकून आम्हीपण सोडून आलो.

सूनबाई हल्ली कमी बोलते. खिम्याची मात्र सवय झालेली दिसते. आता मोरीकडे धावत नाही.

२० फेब्रुवारी

सूनबाईंचं दुसरं रक्त काढलं. दंड पुढे करून भिंतीकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "दुखलं?" म्हणाली, "तुमचा हात हलका आहे, कळतही नाही."

२३ फेब्रुवारी

लागण झाली आहे.

मशीनवरचा आकडा मीच वाचला. दोनदा वाचला. मग नमुना पुन्हा लावला, कारण मशीनही चुकतं. मशीन चुकलं नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी कोरी पाटी होती, आज लागण झाल्यावर रक्तात तयार होणाऱ्या दोन्ही तऱ्हेच्या अँटिबॉडी आहेत. ताजी लागण. पोटात बाळ असताना.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कागद ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं तरी बसले नाही. त्या म्हणाल्या, आईला झालं म्हणजे बाळाला झालंच असं नाही. या महिन्यात तर बहुतेक बाळं सुटतात. पण ज्यांना होतं त्यांना या काळात जास्त जोरात होतं. दोन आठवड्यांनी तपासणी परत, गोळ्या आजपासून, विसावा आठवडा लागला की पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायचं.

मी म्हटलं, "पण आम्ही मांजर काढलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मी काढू नका म्हटलं होतं ना?"

घरी चिरंजीवांनी एवढंच विचारलं, "बाळाला काय होईल?" मी रोज बायकांना सांगते तेच सांगायला लागले: काही वेळा डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर डाग राहतो, काही वेळा मेंदूत. सूनबाई म्हणाली, "पुरे आई." ह्यांनी दुकानाचं शटर तासभर आधीच ओढलं. कुणी जेवलं नाही.

६ मार्च

पुन्हा तपासलं. आकडा चढलाय. शंका उरली नाही. गोळ्यांनी तिला भूक लागत नाही. तरी सकाळी खाली जाते, खिमा चाखते, वर येते, गोळी घेते. मी एकदा म्हटलं पडून राहा. तर म्हणाली, "पडून काय करू? मांडीवर घ्यायलासुद्धा कुणी नाही."

बोक्याचा राग अजून आहे तर. असू दे.

मी मात्र डोकं फोडतेय. आलं कुठून? पाणी उकळतो. भाजी मी मिठाच्या पाण्यात घालते. घमेल्याला ती दिवस राहिल्यापासून शिवलीच नव्हती, चिरंजीवच साफ करायचे. मग त्याच्या हाताला लागून आलं असेल. त्याला मी आज नको ते बोलले.

११ मार्च

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणारी एक बाई आली होती. पाचवा महिना. पहिला रिपोर्ट कोरा, दुसऱ्यात लागण. थेट आमच्या सूनबाईंसारखं. घरी मांजर नाही. मांजर जवळून गेलं तरी तिला शिंका येतात. फॉर्मवर वीसच्या वीस 'नाही'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं कसं होईल, हिला नीट विचारा.

तीन वाजले होते, माझे पाय गेले होते. फॉर्म उलटा करून ठेवला. म्हटलं, "बाई, मला काही विचारायचं नाही. तू नुसतं सांग, कामावर गेल्यापासून तुझे हात काय काय करतात."

तिला मजा वाटली. सांगायला लागली. कांदा चिरते, पीठ मळते, डाळ धुते. मंगळवारी आणि शुक्रवारी खिमा असतो, तो मळते, मीठ बघते, गोळे वळते...

"मीठ कसं बघतेस?"

"कसं म्हणजे? चाखून."

"शिजल्यावर?"

"शिजल्यावर बघून काय उपयोग? तीनशे माणसांचं जेवण असतं, आधीच बघायला नको?" आणि तिनं अंगठा आणि बोट जुळवून चिमूट जिभेवर ठेवून दाखवली.

"मग मी कच्चं खातेस का विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

"खाते कुठं? थुंकते की!"

बोलता बोलता रक्तासाठी बांधलेला पट्टा तिच्या दंडावर तसाच राहिला. हात निळा पडायला लागला तेव्हा तीच म्हणाली, "अहो मॅडम, सोडा ना."

१२ मार्च

आज सूनबाईंच्या आधी खाली गेले. परात माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, आजपासून हे माझ्याकडे. चिमूटभर खिमा तव्यावर टाकला, तांबूस झाल्यावर चाखला. मीठ बरोबर होतं. एवढंच करायचं होतं.

हे म्हणाले, "हे काय नवीन खूळ? चार पिढ्या चाखतायत."

मी तवा घासून ठेवला. साडेसातची बस चुकली.

सूनबाईंना वाटलं मी तिच्या आजारपणामुळे काम काढून घेतलं. जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "थँक्यू आई."

१३ मार्च

लिहवत नाही.

१६ मार्च

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी सूनबाईंचा फॉर्म काढला.

"हा कुणी भरला?"

"मी."

"तिला विचारून?"

"नाही."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं तरी ती नाहीच म्हणाली असती. हा कागद मी खुर्चीत बसून लिहिला. कच्चं खाता का, असं कुणाला विचारल्यावर कोण हो म्हणेल? परात घेऊन कोण बसतं, ते विचारायला हवं होतं." लाल पेनानं खाडाखोड माझ्याकडून करून घेतली. 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं, बाजूला सही. एकतीस वर्षांत माझ्या हातच्या कागदावर ही पहिली खाडाखोड.

मग म्हणाल्या, तुमचंही रक्त बघू. मीच माझ्या डाव्या हाताचं काढलं. दुपारी रिपोर्ट: जुनी लागण. पुष्कळ वर्षांपूर्वीची. म्हणजे मलाही परातीनंच दिलं असणार, आणि मला कळलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लग्नानंतर मुलगा किती दिवसांनी झाला?" मी म्हटलं, वर्षाच्या आत. "त्याची नजर कशी आहे?" मी म्हटलं, एका डोळ्यानं कमी दिसतं, लहानपणी ताप आला होता. त्याला एकदा डोळ्यांच्या विभागात पाठवा एवढंच म्हणाल्या. का, ते मी विचारलं नाही; त्याच्या वेळीही मी परातीपाशी बसत होते. माझ्याच्यानं एका आठवड्यात एवढंच होतं.

१९ मार्च

आज सुट्टी टाकली. दुपारी सूनबाईंना सांगितलं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. कॅन्टीनवाली, चिमूट, फॉर्म, लाल पेन. सांगताना आवाज लॅबमधल्यासारखा कोरडा येत होता. तो माझा मलाच नकोसा झाला.

तिनं घडी पुरी केली. म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं होतं मला मळमळतं."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सवय होईल म्हटलं."

"त्याच्या आधी."

मला आठवत होतं. या वहीतच लिहिलंय. म्हटलं, "मीही तिसऱ्या महिन्यात हेच करत होते, मला काय झालं, असं म्हटलं."

तेवढ्यात चिरंजीव आत आले आणि मान तिरपी करून काय चाललंय ते बघायला लागले. ती त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तुम्हाला काय झालं ते मला नाही माहीत."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. पदर पसरून माफी मागते."

"मागू नका," ती म्हणाली. "मी आत्ता काहीही बोलेन आणि मग ते मलाच आयुष्यभर आठवेल." मग विचारलं, "म्हणजे माझ्या मांजरानं काही केलं नव्हतं?"

"नाही."

ती उठली आणि बॅग काढली.

२० मार्च

विहीणबाई येऊन तिला घेऊन गेल्या. माझ्याशी चांगलं बोलल्या, त्याचाच त्रास झाला. चिरंजीवही तिच्याबरोबर गेले, दुकानात तिथून येतील. काल संध्याकाळी ते दोघं बोक्याला शोधायला नदीपलीकडे जाऊन आले होते. हात हलवत परत आले.

हे जेवताना म्हणाले, "एवढं काय झालं? आपल्या घरात कुणाला कधी काही झालं?"

मी ताट सरकवून उठले. तीस वर्षांत ह्यांच्यासमोरून अशी पहिल्यांदा उठले. नंतर ह्यांनी स्वतः ताट घासून ठेवलं. मला ते कळलं.

३० मार्च

आज तिच्या पोटातून पाणी काढलं. मी त्याच मजल्यावर होते, बोलावलं नाही म्हणून गेले नाही. नमुना लॅबमध्ये आला तेव्हा बाटलीवर तिचं नाव बघून हात धुवायला निघून गेले. तो मोठ्या लॅबला पाठवायचा होता. पाठवणाऱ्या मुलीला तीन वेळा विचारलं, झाकण नीट लावलं ना? ती म्हणाली, "मावशी, जा बरं तुम्ही, चहा घ्या."

नवा फॉर्म छापून आलाय. आता पहिला प्रश्न असा: घरात किंवा कामावर मांस कोण मळतं, आणि मीठ कसं बघतात? आज एकोणीस बायकांना विचारलं. सहा जणींनी चिमूट करून दाखवली. सहा! त्यातल्या दोघी म्हणाल्या, सासूनं शिकवलं.

त्या सहाही जणींना तव्याचं सांगितलं. एकीनं विचारलं, "तुम्हाला हे घरचं माहीत आहे का पुस्तकातलं?" मी म्हटलं, घरचं.

१० एप्रिल

चिरंजीवांचा फोन. "आई, पाण्यात काही सापडलं नाही."

मी बसमध्ये उभी होते. पुढच्या स्टॉपला उतरले आणि तिथल्या बाकावर बसून मनसोक्त रडले. शेजारच्या आजोबांनी सरकून जागा दिली. घरी यायला सहा वाजले.

मग माझ्यातली लॅबवाली बाई जागी झाली. पाण्यात सापडलं नाही म्हणजे बाळाला नाहीच, असं शपथेवर सांगता येत नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, सोनोग्राफी दर महिन्याला, जन्मल्यावर परत बघायचं. सुटका अशी एकदम मिळत नाही. ती हप्त्याहप्त्यानं मिळते.

६ जून

सोनोग्राफी चांगली. डोक्याचं माप बरोबर, मेंदूत डाग नाही. हेही चिरंजीवांकडूनच कळलं. ती फोनवर येत नाही. मी हट्ट धरत नाही. एकदा मागून तिचा आवाज आला, "दोन वेळा जेवतात का विचार." कुणाबद्दल विचारत होती, मी की हे, ते कळलं नाही. आम्ही दोघंही जेवतो म्हणून सांगितलं.

दुकानात आता तवा असतो. हे आधी कुरकुरले, आता स्वतःच चिमूट तळतात. ह्यांना चव कळत नाही, तरी तळतात आणि मला हाक मारतात.

८ ऑगस्ट

मुलगी झाली. साडेपाच पौंड. पाच दिवस आधीच आली, पण रडली जोरात.

मी जिन्यातच उभी होते. डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले, कानांची तपासणी झाली, डोकं मोजलं. सगळं नीट. चिरंजीव बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडले. त्याला इतकं मोठं झाल्यावर पहिल्यांदाच कवेत घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यालाही पुढच्या आठवड्यात तपासायला बोलावलंय म्हणाला. मी म्हटलं, जा.

मग बाळाचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्हाला माहीतच आहे. माहीत होतं. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात उतरतात. त्या आईच्या उसन्या असतील तर महिन्यामहिन्यानं कमी होत वर्षभरात जातील. बाळाच्या स्वतःच्या असतील तर चढतील. म्हणजे वर्षभर, दर महिन्याला, एवढ्याशा हातातून रक्त.

त्यांनी विचारलं, आमच्या विभागातली नर्स काढेल, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. उलट बरंच झालं.

१० ऑगस्ट

सकाळी लॅबमध्ये निरोप आला: वरच्या मजल्यावर बोलावलंय. मला वाटलं काहीतरी बिघडलं. धावत गेले.

सूनबाई उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. नर्स सुई घेऊन बाजूला उभी, चेहरा रुसलेला. पावणेपाच महिन्यांनी आम्ही समोरासमोर आलो. ती वाळलीय. मी दारातून आत पाऊल टाकलं, तर तीच म्हणाली, "हिचं रक्त तुम्ही काढायचं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

मी म्हटलं, "अगं, मी नको. या बाळांच्या सुया रोज टोचतात, त्यांचा हात बसलेला आहे."

"तुमचा हात हलका आहे." मग बाळाकडे बघत म्हणाली, "आणि दर महिन्याला तुम्हीच काढायचं. वर्षभर. एकही महिना चुकवायचा नाही."

हा विश्वास आहे की शिक्षा, हे मला कळलं नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल. मी हातमोजे घातले. तिनं बाळाचा हात सरळ करून धरला. मनगट माझ्या करंगळीएवढं. त्यावर आईच्या नावाची पट्टी. मी बोटानं शीर चाचपली आणि मला काही दिसेनासं झालं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळायला लागलं, आणि हातमोज्यांमुळे पुसताही येईना.

"आई," ती म्हणाली. मार्चनंतर तिच्या आवाजात हा शब्द असा पहिल्यांदाच आला. "आत्ता रडू नका. हात हलेल."

मी हात हलू दिला नाही. एकाच टोचण्यात रक्त आलं. बाळ रडलं, आम्ही दोघींनी त्याला धरून ठेवलं.